छापील ओळी, न छापलेल्या मात्रा: एका ऑडिओबुकाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

गिरणगावावरच्या एका जुन्या कादंबरीचं ऑडिओबुक होतंय. पहिली आवृत्ती १९५० नंतरच्या दशकातली. लेखकाच्या घरच्यांशी करार पुरा होईपर्यंत नाव या वहीतही लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून इथे नुसतं 'कादंबरी'. निवेदन रंगभूमीवरचे एक मुरलेले नट करणार आहेत. गाणी माझ्याकडे.

गाणी अकरा. पाळणा, जात्यावरच्या ओव्या, चाळीतल्या भजनी मंडळाचा अभंग, तमाशातली लावणी, साचेवाल्याचं (गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवणाऱ्याचं) गाणं, गणपतीतला बाल्या नाच, मोर्च्यातलं गाणं आणि बाकी किरकोळ. सगळी लेखकाचीच रचना. चाल कुठेही सांगितलेली नाही, तालाचं नावही नाही. फक्त ओळी, आणि ओळींच्या मागेपुढे गद्य.

दिग्दर्शन करणाऱ्या ताईंनी दोन गोष्टी आधीच बजावल्या. शाळेत कविता म्हणतात तसं म्हणून चालणार नाही, आणि संगीतकार बसवून नवं गाणं करायचं नाही. पात्र ज्या ठेक्यात गुणगुणलं असतं त्या ठेक्यात निवेदकाने म्हणावं. 'सूर लागला तर लागला, ठेका चुकला नाही पाहिजे.' मला ही अट आवडली. तबला शिकवणाऱ्या बाईला कोणी 'सूर नंतर बघू' म्हणालं की बरंच वाटतं.

द्यायचं काय, तर दर गाण्यामागे एक मात्रापत्रक. पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीतल्या खुणा वापरणार: समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या मात्रेला) शून्य, लांबवलेल्या अक्षरापुढे अवग्रह (ऽ). वाळकेश्वरात जन्मलेल्या त्या वकिलाने ही पद्धत रागदारीसाठी बसवली, पण साचेवाल्याच्या गाण्यालाही ती पुरते.

११ जून, बुधवार

आज नुसती मोजणी. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने केले, एकात अक्षरं, दुसऱ्यात मात्रा. लघूला (ह्रस्व अक्षराला) एक, गुरूला (दीर्घ किंवा आघाताच्या अक्षराला) दोन.

कवी माधव जूलियनांच्या 'छंदोरचना' या ग्रंथात पद्याचे तीन गट आहेत: लघुगुरूचा क्रम ठरलेली अक्षरगणवृत्तं, मात्रांची बेरीज ठरलेल्या जाती, आणि नुसती अक्षरसंख्या ठरलेले छंद. छंदात लघुगुरूचा भेद राहत नाही, गाताना प्रत्येक अक्षर लांबतं. ओवी-अभंग इथले. म्हणून दोन रकाने. अक्षरांचा रकाना सारखा येत असेल तर गाणं छंदातलं, मात्रांचा येत असेल तर जातीतलं.

अभंग अक्षरांच्या रकान्यात चोख बसला. लावणी आणि पाळणा मात्रांच्या रकान्यात. ओव्या दोन्हीकडे जरा तिरक्या. मोर्च्याचं गाणं कुठेच नाही. साचेवाल्याच्या गाण्यात सगळं जुळतं आणि मध्येच एखादी मात्रा जास्त भरते. ते नंतर.

मोजायला सोपं जावं म्हणून रेकॉर्डिंगवाल्या मुलाने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तो जोडाक्षर दिसलं की आधीच्या अक्षराला गुरू धरतो. संस्कृतात ठीक आहे. मराठीत 'चिठ्ठी'मधल्या 'चि'वर आघात येतो, तिथे दोन मात्रा बरोबर. पण 'तुझ्या'तल्या 'तु'वर कोणी आघात देत नाही, तो लघूच राहतो. प्रोग्रॅमने 'तुझ्या'ला चार मात्रा दिल्या. मुलाला म्हटलं, राहू दे, बोटांवर मोजते.

१४ जून, शनिवार

अभंग. कादंबरीतलं भजनी मंडळ पहाटपाळीच्या आधी जिन्याखाली बसतं.

भोंगा वाजे दारी । जागा झाला देव ।
घामाची ही ठेव । विटेवरी ॥

सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मोठ्या अभंगाचा सरळ साचा. बावीस अक्षरं.

आता म्हणायचं कसं? भजनी ठेका आठ मात्रांचा. एका अक्षराला एक मात्रा दिली तर पहिला चरण सहा मात्रांत संपतो आणि दोन उरतात:

भों गा वा जे । दा री ऽ ऽ
जा गा झा ला । दे व ऽ ऽ
घा मा ची ही । ठे व ऽ ऽ
वि टे व री । ऽ ऽ ऽ ऽ

चार आवर्तनं, म्हणजे तालाचे चार फेरे, बत्तीस मात्रा. अक्षरं बावीस. म्हणजे दहा मात्रा पुस्तकात छापलेल्याच नाहीत. निवेदकाने पुस्तक समोर धरून वाचलं तर तो त्या दहा मात्रा गिळणार आणि गाण्याचं गद्य होणार. शाळेत अभंग म्हणताना नेमकं हेच होतं.

इथून पुढे प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्या न छापलेल्या मात्रा कुठे आहेत? चरणाच्या शेवटी, मध्ये, की ओळ सुरू होण्याआधी?

१७ जून, मंगळवार

पाळणा पटकन झाला.

नीज नीज राजसा, गार वाहतो वारा

'नीज नीज' सहा. 'राजसा' पाच. 'गार वाह' सहा. 'तो वारा' सहा. दादरा, सहा मात्रांचा ताल: धा धी ना । धा ती ना. 'राजसा'नंतरची एक मात्रा रिकामी. कादंबरीत पाळणा नाही, दोन खुंट्यांना बांधलेली लुगड्याची झोळी आहे, आणि आई दोरी ओढतेय. झोळी तीन मात्रांत जाते, तीन मात्रांत येते. रिकामी मात्रा झोळी परतताना येते, ओढणारा हात सैल असतो तेव्हा.

ताईंनी विचारलं, यात वाद्य काय? काहीच नको म्हटलं. दोरीचा करकर आवाज मिळाला तर बघा.

२१ जून, शनिवार

साचेवाल्याचं गाणं. माझ्याकडची प्रत दुसऱ्या आवृत्तीची आहे. त्यात ओळी अशा:

अन् धोटा पळतो इकडून तिकडे, सूत तुटेना बाई
अन् गावाकडची चिठ्ठी येते, वाचून दाखव ताई
अन् तुझ्या घराची कौलं गळती, येऊ कधी ग आई

धोटा म्हणजे मागात आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा. 'धोटा पळतो' आठ. 'सूत तुटेना' आठ. 'गावाकडची' आठ, 'चिठ्ठी येते' आठ. तिसरी ओळ सगळी आठ-आठ. केरवा, आठ मात्रांचा ताल, डोळे मिटून लागतो. पण 'इकडून तिकडे' नऊ. 'वाचून दाखव'ही नऊ. दोनच ठिकाणी एक-एक मात्रा वर येते आणि ठेका तिथे ठेचकाळतो.

म्हणताना आपोआप 'इकडुन' होतं हे खरं. कोणीही गाताना ओढून घेईल. पण पत्रकावर काय लिहू? निवेदकाचा दंडक आहे की छापील शब्दाला धक्का लावायचा नाही, आणि तो त्यांनी मोडावा अशी माझी इच्छा नाही.

पहिली आवृत्ती बघायला हवी.

२५ जून, बुधवार

दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९८ सालची संस्था. बाहेर पाऊस, आत पंखे, आणि टेबलावर दोन स्पर्धा परीक्षावाले. पहिली आवृत्ती मिळाली. कागद पिवळा पडलाय, कडा हाताला लागतात.

गाण्यात छापलंय 'इकडुन तिकडे' आणि 'वाचुन दाखव'. दोन्ही ह्रस्व.

जुन्या छपाईत ह्रस्व-दीर्घ सैल असायचं, म्हणून एवढ्यावर भुलायचं नाही. तेच पान वरपासून खालपर्यंत वाचलं. गाण्याच्या वर चार ओळींवर गद्यात 'तिकडून' आहे, दीर्घ. खाली 'पत्र वाचून झालं' आहे, तेही दीर्घ. म्हणजे जुळाऱ्याची (छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची) चूक नाही. लेखकाने गद्यात दीर्घ लिहिला आणि गाण्यात मुद्दाम ह्रस्व. तो मात्रा मोजत होता.

दुसरी आवृत्ती १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आल्यानंतरची. नियमाप्रमाणे अकारान्त शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) उकार दीर्घ, त्यामुळे कोणीतरी इमानदारीने सगळी कादंबरी सरळ केली. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले ते योग्यच झालं, वाचायला त्रास होता. पण त्याच झपाट्यात गाण्यातले उकारही दीर्घ झाले. पद्यात ही सूट कवी पूर्वापार घेत आले आहेत. प्रूफ बघणाऱ्याला पान गद्याचं वाटलं असणार, गाणं परिच्छेदाच्या पोटात आहे.

अकराही गाणी पहिल्या आवृत्तीवरून हाताने उतरवून घेतली. झेरॉक्सला नाही म्हणाले, आणि कागदाची अवस्था बघता ते बरोबरच होतं. उतरवताना आणखी तीन जागा सापडल्या. लावणीत एक, मोर्च्याच्या गाण्यात दोन. लावणीतली महत्त्वाची नाही, मात्रा फिरत नाही. मोर्च्यातल्या दोन्हींनी फरक पडतो.

ताईंना फोन केला. म्हणाल्या, गाण्यांपुरती पहिली आवृत्ती प्रमाण धरा, घरच्यांना मी सांगते. संध्याकाळी होकार आला.

२८ जून, शनिवार

ढोलकीवाले काका आले. वय सत्तरीपार, तमाशात आणि पुढे शाहिरी पथकांत वाजवलेलं. त्यांना कागद दाखवायचा नसतो, म्हणून मी म्हणायचं आणि त्यांनी धरायचं.

साचेवाल्याचं गाणं म्हटलं. मी 'अन्'वर सम धरून सुरुवात केली. काकांनी थाप मारलीच नाही.

'बाळ, ते "अन्" कुठून काढलंस?'

'ओळीत आहे काका. पहिलाच शब्द आहे.'

'ओळीत असेल. तालात ते मागच्या ओळीचं आहे. पुन्हा म्हण, "धोटा"वर ये.'

'धोटा'वर आले आणि थाप बरोबर 'धो'वर पडली. हिशोब मग कागदावर करून बघितला:

(अन्) । धोटा पळतो । इकडुन तिकडे । सूत तुटेना । बाई ऽऽ अन् । गावाकडची…

'बाई' चार मात्रा. मग दोन रिकाम्या. मग पुढच्या ओळीचं 'अन्', दोन. बेरीज आठ. चौथं आवर्तन पुढच्या ओळीतला पहिला शब्द घेऊनच पुरं होतं. छपाईत ओळ 'अन्'पासून सुरू होते, तालात ती 'धोटा'पासून. म्हणजे दोन मात्रांचा श्वास 'बाई' आणि 'अन्' यांच्या मध्ये आहे, आणि श्वास संपवून सम गाठायला 'अन्'चा धक्का लागतो. शेवटच्या 'आई'नंतर मात्र 'अन्' नाही. तिथे चार मात्रा मोकळ्या सुटतात. मी काकांना म्हटलं, तिथे तुम्ही काहीतरी वाजवा. ते म्हणाले, 'नको. आईच्या नावावर ढोलकी नको. बंद.' बंद ठेवणार आहोत.

मग लावणी. कादंबरीत लालबागच्या थिएटरात फड उतरलाय.

चाळीमधला दिवा विझेना, सखे कुणाची वाट पाहते

आठ, आठ, आठ, आठ. बत्तीसच्या बत्तीस मात्रा शब्दांनी भरलेल्या. रिकामी जागा शून्य. पत्रकावर इतकं नीटस दिसलं की मला शंका आली: बाई श्वास कधी घेणार, आणि ढोलकीवाला तोडा कुठे टाकणार?

काकांनी उत्तर कादंबरीतूनच काढलं. ओळीनंतर गद्यात एक वाक्य आहे: मागून झीलकऱ्यांनी सूर उचलला. मी ते वर्णन समजून पुढे गेले होते, काकांनी ती सूचना मानली. झीलकरी, म्हणजे मागे साथीला गाणारे, सूर उचलणार तर एक अख्खं आवर्तन बाईचं नाही. आठ मात्रा झील, तेवढ्यात बाई श्वास घेते, पदर सावरते, ढोलकी बोलते. म्हणजे न छापलेल्या मात्रा इथेही आहेत, फक्त त्या ओळीबाहेर आहेत आणि त्यांचा पत्ता गद्यात दिलाय.

दुसरी गोष्ट शेवटच्या आठांची. 'चाळीमधला', 'दिवा विझेना', 'सखे कुणाची' हे तिन्ही चार-चार असे मधोमध तुटतात. 'वाट पाहते' तुटत नाही. वाट तीन, पाह तीन, ते दोन. चौथी मात्रा संपते तेव्हा आपण 'पा'च्या पोटात असतो. तीन-तीन-दोन हा ढोलकीचा लाडका तुकडा. काकांनी पहिली तीन आवर्तनं साधी वाजवली आणि 'वाट पाहते'ला शब्दाबरोबर थाप वळवली. खोलीतल्या सगळ्यांनी मान हलवली. चहा आला तरी ते तीच ओळ वाजवत बसले होते.

२ जुलै, बुधवार

ताईंची कल्पना: साचेवाल्याच्या गाण्याखाली साच्यांचा आवाज ठेवायचा आणि गाणं त्याच लयीत न्यायचं. कल्पना छान वाटते. हिशोब केला. जुन्या साध्या साच्याचा धोटा मिनिटाला दोनशेच्या आतबाहेर फेरे मारतो, कापडाच्या पन्ह्याप्रमाणे कमीजास्त. १८० धरू. एका फेऱ्याला एक मात्रा दिली तर बत्तीस मात्रांची ओळ अकरा सेकंदांच्या आत संपते. 'चिठ्ठी येते वाचुन दाखव' म्हणताना जीभ अडखळते, आणि 'कौलं गळती'ला काही अर्थच राहत नाही.

आमच्या इमारतीतले आजोबा १९८२ च्या संपापर्यंत साचेखात्यात होते. त्यांना विचारायला वर गेले.

'आजोबा, साच्यावर काम करताना गाणी म्हणायचात का?'

ते हसलेच. 'कोणाला ऐकू जाणार? शेजारचा काय बोलतोय ते ओठांवरून ओळखायचो. जॉबर, आमचा मुकादम, हाताने खुणा करायचा. गाणं कसलं.'

'मग गाणं कुठे?'

'खोलीवर. पाळी सुटल्यावर. किंवा खाणावळीत ताट यायच्या आधी.'

लयीचं विचारलं तर म्हणाले, एका साच्याचा ठोका सरळ असतो, पण खात्यात शेकडो साचे, एकाशी दुसऱ्याचा मेळ नाही, सगळा एकच गदारोळ. त्यात कोण कसली लय धरणार.

परत येऊन प्रकरण उघडलं. लेखकाने गाणं खात्यात घातलेलंच नाही. बाराजणांच्या खोलीत एकजण भिंतीला टेकून पितळी (पितळेचं ताट) पालथी घालून बोटांनी वाजवतो असं आहे. म्हणजे शब्द साच्याचे, लय थकलेल्या माणसाची. मिनिटाला १२० मात्रा ठरवल्या. ओळ सोळा सेकंदांची. साच्यांचा आवाज आधीच्या प्रसंगात संपवायचा, गाण्याखाली नाही. ताई थोड्या हिरमुसल्या, पण पितळीचा आवाज ऐकवल्यावर मान्य झालं. काकांनी ढोलकी बाजूला ठेवून पितळी वाजवायचं कबूल केलंय. घरून स्वतःची आणणार आहेत.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला गेले होते, कामासाठी असं म्हणायचं. रांग लांबवर. बाजूने दिंड्या येत होत्या.

एकच गोष्ट बघायची होती: चरणाच्या शेवटच्या दोन मात्रांत काय होतं? गाणारे तिथे थांबतात, पण टाळ थांबत नाहीत. उलट त्या दोन मात्रांत टाळ मोकळे ऐकू येतात, कारण वर आवाज नसतो. लय चढली की गाणारे शब्द आखडतात, तरी या दोन मात्रा कोणी आखडत नाही. पाऊल तिथे पडायचं असतं.

अभंगाच्या पत्रकावर भर: रिकाम्या मात्रांत टाळ वाजले पाहिजेत. नुसता गप्प राहून निवेदक मोजत बसला तर ऐकणाऱ्याला वाटेल तो विसरला.

१० जुलै, गुरुवार

ओव्या. यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

मुंबईच्या वाटंवरी । गिरणीचा धूर दाट
माझ्या ग बंधवाची । दिसंना मला वाट

आठ, आठ, सात, सात. लेखकाला आठ जमले नसते असं नाही, पुढच्या ओव्यांतही तो मुद्दाम सैल आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या बऱ्याच गाताना ऐकायला मिळतात. आठवडाभर कानात तेच चाललंय. गाणारी बाई कागदावरची ओळ एकदाच म्हणत नाही. अर्धी पुन्हा घेते, मध्ये 'ग' घालते, 'बाई' घालते, कधी एखादं अक्षर इतकं लांबवते की तेवढ्यात दुसरी बाई तिच्यात मिसळते. कागदावरची ओवी म्हणजे उतरवणाऱ्याने केलेला संक्षेप.

म्हणून इथे मात्रापत्रकच नको असं माझं मत झालं. ताल मोजायचा नाही, जात्याचा फेरा मोजायचा. सात अक्षरांच्या जागी गाणारीने 'बाई' घालावं किंवा 'ग' लांबवावा, तिची मर्जी. एकच बंधन: मूठभर दाणे जात्याच्या तोंडात घालताना फेरा मंदावतो, आवाजही तिथे मंदावला पाहिजे. कादंबरीतल्या म्हातारीचा एक हात खुंट्यावर आणि एक दाण्यांत आहे, समोर दुसरी कोणी नाही. सून कामावर गेलीय. दोघींचं दळण एकटीवर पडलंय, तेव्हा फेरा तसाही जडच.

ओव्या निवेदकाने म्हणू नयेत, बाईचा आवाज हवा, आणि गायिका नको. ताईंची आई साताऱ्याकडची, लहानपणी जात्यावर बसलेली. 'आईला विचारते, पण माइक बघून ती बसेल की नाही शंका आहे,' म्हणाल्या.

बाल्या नाच आजच उरकला. गणपतीतली दोन कडवी, पायातल्या चाळांचा आवाज, लय चढत जाते, शब्द जवळजवळ ऐकूच येऊ नयेत. गर्दीतून येतील तेवढे.

१८ जुलै, शुक्रवार

दादरच्या स्टुडिओत पहिली तालीम. निवेदक फार तयारीचे, पण नट. नट अर्थावर जोर देतो. 'सूत तुटेना बाई'मध्ये त्यांनी 'तुटेना'वर वजन टाकलं, कारण अर्थ तिथे आहे. सम 'सूत'वर आहे. ऐकायला सुंदर, ठेक्यात नाही.

मी म्हटलं, दादा, जोर देऊ नका, फक्त टाळी द्या. मांडीवर टाळी आणि खाली: धा गे ना ती । न क धी न. 'सू'ला टाळी, 'टे'ला खाली. त्यांनी विचारलं, 'मग अभिनय कुठे करू?' प्रश्न बरोबर होता. थोडा विचार करून सांगितलं, 'बाई'नंतरच्या दोन मात्रांत. तिथे शब्द नाहीत, तिथे काय हवं ते करा. फक्त 'अन्'ला वेळेवर या.

त्यांनी तिथे एक छोटा उसासा टाकला, नाकातून, जेमतेम ऐकू येणारा. दुसऱ्या ओळीला तो जरा लांबला. तिसऱ्याला 'आई' झाल्यावर काहीच नाही. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्या मुलाने अंगठा दाखवला.

अभंगाला ते लगेच बसले. घरी भजन होतं म्हणाले. 'विटेवरी'च्या पुढच्या चार मात्रा त्यांनी स्वतःच टाळ घेऊन भरल्या.

ताईंची आई आली होती. माइकसमोर बसली नाही. बाहेर बाकावर मला म्हणून दाखवलं, 'दिसंना ग बाई मला वाट'. सात अक्षरांची दहा केली आणि तिला विचारलं तर म्हणते, 'मी कुठं काय घातलं? आहे तसंच म्हटलं.' पुढच्या वेळी घरी जाऊन, स्वयंपाकघरात, माइक डब्यांच्या मागे ठेवून घ्यायचं.

२५ जुलै, शुक्रवार

मोर्च्याचं गाणं. हे बसत नाहीये. पहिल्या आवृत्तीतले दोन ह्रस्व धरूनही ओळी आठ, अकरा, सहा, तेरा अशा. काकांनी डफाचा ठेका लावून बघितला, मी पावलांच्या लयीत लावून बघितलं. पहिल्या दोन ओळी चालतात, तिसरीला सगळं सांडतं.

तिसऱ्या ओळीपाशी लेखकाने टिंबं टाकलीयेत, आणि गद्य असं की पुढच्यांनी धरलेलं मागे येईपर्यंत तुटतंय, नायक मधल्या रांगेत आहे. म्हणजे आपल्याला गाणं ऐकू येत नाहीये, नायकाला जे ऐकू आलं ते ऐकू येतंय. सहा मात्रांची ओळ हे एका ओळीचं शेपूट आहे, तेरा मात्रांची ओळ हे दोन वेगळ्या ओळींचे तुकडे एकमेकांवर चढलेले.

काकांचं म्हणणं, आपण मूळ गाणं पुरं करून घेऊ, शाहिराला दोन तास पुरतात. ते करतील आणि चांगलं करतील. पण ते लेखकाचं नसेल. माझं मत: ताल लावायचा नाही. पहिल्या दोन ओळी लांबून, डफासकट, चार-पाच आवाजांत. पुढचं निवेदकाने गद्यात वाचायचं, नायकाच्या कानाने. डफ चालू राहील, पण निवेदकाने त्याला धरायचं नाही. डफ आणि शब्द मुद्दाम सुटे.

ताई म्हणाल्या, 'ऐकणाऱ्याला वाटेल एडिटिंग चुकलंय.' वाटेल कदाचित. दोन्ही करून ऐकू.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दोन्ही ऐकलं. सुटा डफ ठेवला. काका पहिल्यांदा नाराज होते, मग म्हणाले, डफ अजून मागे न्या, मग पटेल. मागे नेला आणि पटलं.

पत्रकं पाठवली. दहाच गाण्यांची, ओव्यांचं पत्रक नाही, त्याऐवजी अर्ध्या पानाची सूचना आणि बाकावरचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग. मोर्च्याच्या पत्रकावर दोनच ओळींना खुणा आहेत, खाली लिहिलंय: इथून पुढे मोजू नये.

लावणीच्या झिलीला तीन आवाज लागणार. दोन मिळालेत. तिसरा रेकॉर्डिंगवाल्या मुलाने द्यायचं कबूल केलंय, आवाज बरा आहे, फक्त आठव्या मात्रेला घाई करतो. सोमवारी त्याला काकांसमोर बसवते.